केरनचा पाहुणा

मित्रांनो, मी पत्र्याचा कर्णा आहे आणि आता चांगलाच जुना झालो आहे. एका बाजूला ओठांपुरते तोंड, दुसऱ्या बाजूला सुपाएवढा जबडा, एवढेच माझे शरीर. मला स्वतःचा आवाज नाही. माणूस बोलतो आणि मी ते लांबवर पोहोचवतो. तरी एका संध्याकाळी माझ्यातून जे शब्द गेले, त्यांच्यामुळे मी स्वतःला भाग्यवान समजतो.

साताऱ्याच्या पेठेत आकाराम नावाच्या कारागिराने मला घडवले. त्याने पत्रा कापला, वळवला, सांध्यांना डाग दिला आणि मला म्हसवडच्या हरिबांच्या हाती सोपवले. हरिबा कुस्तीच्या मैदानात पैलवानांची नावे पुकारत. पैलवान नामांकित असो की नवखा, त्याचे गाव, तालीम, वस्ताद, सगळे सांगितल्याशिवाय ते जोड लावू देत नसत. लोक म्हणत, हरिबांनी नाव पुकारले की पैलवानाची छाती इंचभर वाढते. ते ऐकून मीही फुगून जाई.

मग हरिबांचा एकुलता एक मुलगा गुंडा फौजेत गेला. एक्केचाळीस साली, समुद्रापार आफ्रिकेतल्या केरन गावाजवळच्या डोंगरात इटलीच्या फौजेशी लढताना तो पडला. घरी तार आली. त्या दिवसापासून हरिबांनी मला खुंटीला टांगले ते टांगलेच. माझ्या जबड्यात कोळ्याने जाळे विणले. शेवटी त्यांच्या पत्नी रंगूबाई यांनी मला खाली काढले, पदराने पुसले आणि नवऱ्यापुढे धरले.

"पोरगं गेलं," त्या म्हणाल्या. "आता आवाज बी घालवू नगासा."

हरिबा पुन्हा मैदानात उभे राहू लागले.

लढाई संपली त्या वर्षीची गोष्ट. फौजेच्या करमणुकीसाठी देशोदेशीचे वादक गावोगाव फिरत होते. माधवनगरला गिरणीजवळच्या पटांगणात त्यांचा जलसा ठरला. दुपारी कुस्त्या होत्या आणि त्यानंतर हे विलायती वाजवणे, त्याला जॅझ म्हणतात म्हणे. धारातीर्थी पडलेल्या जवानांच्या घरच्यांना मुद्दाम बोलावले होते, म्हणून रंगूबाईही पुढच्या रांगेत बसल्या होत्या. कुस्त्या संपल्या आणि नेमका लाऊडस्पीकर बंद पडला. मंडळी धावत हरिबांकडे आली.

"आवं, मला त्यांची नावं बी येत न्हाईत," हरिबा म्हणाले. पण लगेच उठून ते मंचामागे गेले. पैलवानांना विचारत तसेच त्यांनी एकेकाला विचारले, गाव कुठले, वस्ताद कोण, घरी कोण असते. ढोल वाजवणारा मिंगेल गोव्याचा होता, त्याला मराठी समजत होते. तोच दुभाषा झाला. तुतारीसारखे ट्रम्पेट वाजवणारा काळासावळा कॅल्व्हिन अमेरिकेचा होता. गाणारी हान्का पोलंडची, घरदार गमावून कोल्हापूरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत राहणारी. आणि सनईसारखे क्लॅरिनेट वाजवणारा आल्दो इटलीचा, जलशासाठी छावणीतून आणलेला युद्धकैदी.

"ह्येला कुठं धरला?" हरिबांनी विचारले.

मिंगेलने आल्दोला विचारले आणि उत्तर सांगितले. "केरनला."

हरिबांची बोटे माझ्या पत्र्यावर एवढी आवळली गेली की मी कुरकुरलो.  ते मला घेऊन सरळ रंगूबाईंपाशी गेले आणि खाली बसले.

"त्यातला एक केरनला लढलाय. आपल्या गुंडाच्या समोरच्या फौजेत. त्येचं नाव मी कसं घिऊ?"

रंगूबाईंनी मंचाकडे पाहिले. "ह्येनंच मारलं व्हय?"

"ते कुणाला कळतंय."

"मग घ्या नाव. आपलं पोरगं परक्या मुलखात पडलं. तितं त्येचं नाव कुणी घेतलं का न्हाई, ठावं न्हाई. ह्येचं तरी घ्या."

हरिबा मंचावर चढले. त्यांनी मिंगेलचे गाव सांगितले, कॅल्व्हिनचे वस्ताद सांगितले, हान्काच्या आईचे नावही सांगितले. दर नावाला टाळ्या पडल्या. मग त्यांनी मला पुन्हा तोंडाला लावले. त्यांचा श्वास माझ्या आत घुमत होता.

"आता आल्दो मारिनी," ते म्हणाले. "गाव इटलीतलं, द्राक्षाच्या मळ्यांचं. वस्ताद त्येचा चुलता. केरनच्या डोंगरात लढला. तितंच माझा गुंडा पडला. आज ह्यो आपला पाव्हणा हाय."

या नावाला टाळी पडली नाही. तिथे कितीतरी घरची माणसे त्याच लढाईत गेली होती. मिंगेलने कानात सांगितले तसा आल्दो मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात नानासो नावाचे पेन्शनर हवालदार उठले. एक हात ते लढाईत गमावून आले होते, टाळी वाजवता येत नव्हती. त्यांनी उरलेल्या हाताने मांडीवर शड्डू ठोकला. शेजारच्याने ठोकला, त्याच्या मागच्याने ठोकला, आणि सगळे मैदान दणाणले.

मग ते चौघे वाजवू लागले. एकाने सूर सोडला की दुसरा तो उचलून आपल्या मनासारखा फिरवायचा. हान्काच्या गाण्यातला शब्द कुणाला कळला नाही, तरी बायकांनी डोळे पुसले. "लय ग्वाड वाजिवत्यात," रंगूबाई म्हणाल्या.

जलसा आटोपल्यावर आल्दो हरिबांकडे आला. त्याच्या वतीने मिंगेलने हरिबांना काही विचारले, ते आल्दोने त्याच्याकडून दोन-तीनदा घोकून घेतले, मला हातात घेतले आणि पांगणाऱ्या गर्दीकडे तोंड करून अडखळत पुकारले, "गुंडा. हरिबाचा. रंगूबाईचा. गाव म्हसवड."

जाणारी माणसे जागच्या जागी थांबली. हरिबांनी डोईचा पटका काढून हातात धरला.

मित्रांनो, आता गावोगाव लाऊडस्पीकर झाले आहेत. कुस्तीच्या मैदानात मला कुणी नेत नाही. पोत्यात बाजरी ओतायला रंगूबाई मला वापरतात आणि काम झाले की पुसून ठेवतात. मला गंज चढलेला नाही, तो त्यांच्या हातामुळे. आकारामने मला घडवले, हरिबांनी मला शब्द दिले, या माउलीने मला जपले. तिघांचेही उपकार मी विसरत नाही. तुमच्या घरात अशी एखादी मुकी, जुनी वस्तू असेल तर ती भंगारात देण्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, हिच्याजवळ काय सांगण्यासारखे आहे. मला स्वतःचा आवाज असता, तर मीही माधवनगरच्या त्या मातीवर उभा राहून गुंडाचेच नाव पुकारले असते.