इंजिनाचा फाटका कोट

मी एक जुना, फाटका कोट आहे. पण मित्रांनो, माझ्यासाठी सुई-दोरा शोधू नका. मी टायटॅनियमचा आहे आणि माणसाच्या नव्हे, जेट इंजिनाच्या अंगावर चढवलेला होतो. कागदोपत्री मला केसिंग म्हणतात. कारखान्यात मात्र सगळे मला कोटच म्हणत आले.

माझा जन्म मार खाऊनच झाला. भट्टीत लालबुंद होईपर्यंत मला तापवलं आणि राक्षसासारख्या दाबयंत्राखाली चेपलं. पुन्हा भट्टी, पुन्हा चेपणं. मग लेथवर चढवून कारागिरानं माझी सालं काढली. माझ्याच अंगाच्या कात्रणांचा ढीग पाहून मला फार वाईट वाटलं. कारागीर मात्र थट्टा करायचा, की बारीक झाल्याशिवाय तुला आकाशात कोण नेणार? विमान बनवताना वजनावरून रोज भांडणं होतात, त्यामुळे मी अगदी सडपातळ झालो.

माझं काम एकच होतं. इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. त्याची पाती माझ्या पोटात गरगर फिरतात. त्यातलं एखादं तुटलं, तर त्याला मी आतच अडवायचं. कारण माझ्या बाहेर लगेच इंधनाची टाकी असते आणि तिच्या पुढे वैमानिक.

हे इंजिन उसनं नव्हतं. आपल्या लढाऊ विमानासाठी आपल्याच माणसांनी ते घडवलं होतं. आजवर इंजिनं परक्यांकडून यायची. त्यांची मर्जी फिरली की आपली विमानं जमिनीवर बसायची. म्हणून सगळ्यांना घाई झाली होती. हे इंजिन घेऊन पहिल्यांदा उडणारा वैमानिक म्हणजे चाचणी विभागाच्या प्रमुख बाईंचा सख्खा भाऊ. बाईंना सगळे ताई म्हणत, म्हणून तो सगळ्यांचाच धाकटा झाला होता.

माझ्या परीक्षेच्या दिवशी या कामाला पैसे मंजूर करणारे बडे पाहुणे आले. परीक्षा सरळ होती. एका पात्याच्या मुळाशी थोडी स्फोटकं भरायची, पंखा पूर्ण वेगात आला की ते पातं उडवून द्यायचं आणि मी टिकतो का ते बघायचं. या इंजिनापायी केस पांढरे झालेले मोठे साहेब ऐन वेळी कचरले. ते वाईट नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा धीर सुटला. त्यांनी ताईंना बाजूला घेतलं आणि आज वेग जरा कमी ठेवा म्हणून गळ घातली. पाहुणे खूश होऊन जातील, पूर्ण वेगाचं नंतर बघू.

ताई चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, वर पातं तुटेल ते पाहुणे बघून तुटणार नाही."

"आणि कोट फाटला तर? सगळं बंद करतील हो."

"इथे फाटला तर पाहुण्यांची बोलणी मी खाईन. वर फाटला तर आईला काय तोंड दाखवू?"

 शेवटी साहेबांनीच पूर्ण वेगाचा हुकूम दिला.

पंखा किंचाळू लागला. माझं हाडन् हाड थरथरलं. मग स्फोट झाला. सुटलेलं पातं माझ्या बरगडीवर आदळलं आणि त्यानं शेजारची दोन पाती कापून काढली. तोल गेलेला पंखा मला आतून घुसळू लागला. मी दात-ओठ खाऊन धरून ठेवत होतो. पण एका जागी मी टर्रकन फाटलो. तापलेला तुकडा माझ्यातून आरपार गेला आणि समोरच्या सिमेंटच्या भिंतीत घुसला. पाठोपाठ तेल पेटलं. आगीनं मला काळाठिक्कर केलं. वेदना म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

पाहुणे चहा न घेताच निघाले. ताईंची भरपूर खरडपट्टी निघाली. उड्डाण पुढे ढकललं. उरलेला राग लोकांनी माझ्यावर काढला. जाता-येता मला कुणी बूट मारला, कुणी कपाळकरंटा म्हटलं.

ताईंनी मात्र मला टेबलावर घेतलं. एका नळीसाठी माझ्या अंगाला भोक पाडलं होतं. फाट तिथूनच सुरू झाली होती. भोकाभोवती मी कच्चा राहिलो होतो. कमी वेगात हे कुणालाच कळलं नसतं.

मग धाकटा आला. उड्डाण लांबल्यामुळे तो बहिणीवर धुसफुसतच होता. त्यानं सहज माझ्या फाटीत हात घातला. हात खांद्यापर्यंत आत गेला.

"ताई, या बाजूला टाकी असते ना?"

"हो. भरलेली."

त्यानं हात हळूच बाहेर काढला. मग तो बहिणीच्या शेजारी जाऊन बसला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना शेवटी आम्हाला जपा असं सांगायची सवय असते. मी ते सांगणार नाही. माझी फाट झाकू नका, तिच्यावर रंग फासू नका, एवढंच बघा. आता नवा कोट तयार झाला आहे. भोकाची जागा बदलली आहे, अंग भरलेलं आहे. दिसायलाही तो माझ्यापेक्षा देखणा आहे. येणारा-जाणारा त्याच्यावरून मायेनं हात फिरवतो. त्याच्या परीक्षेलाही पाहुणे येतील, तेव्हाही कुणाचा तरी धीर सुटेल. पण अगदी त्याच्यासारखाच कोट पाठीशी घेऊन धाकटा उडणार आहे. म्हणून त्याला गोंजारू नका. त्याला इथे, जमिनीवर, माझ्यापेक्षाही जोरात मारा.