बद्राचा आवाज फुटला

ओरान या बंदराच्या शहरात लग्नघरी बायकांच्या बैठकीत गाणाऱ्या आम्ही चौघी. बद्रा गायची, तिची भावजय मिमूना डफ वाजवायची, आम्ही दोघी मागून साथ द्यायचो.

दर महिन्याला बद्रा पोटातल्या कळांनी जमिनीवर लोळायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कळा थांबल्या. पण उन्हाळा सरेपर्यंत तिचा आवाज मिसरूड फुटलेल्या पोरासारखा फुटला. गोळ्या बंद केल्या, तरी पहिला आवाज परत आला नाही.

ती डॉक्टरांना जाब विचारायला गेली, तेव्हा मी सोबत होते.

"पोट दुखतंय आता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तक्रार कसली?"

"गळ्यावर पोट आहे माझं. या गोळ्यांनी आवाज जातो, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"एखादीचा जातो. सगळं सांगत बसलो तर कोणी औषधच घेणार नाही. पुढच्या बाईला आत पाठवा."

मिमूनाला तर आयतंच कोलीत मिळालं. "वन्सं, आवाज आला, आता दाढी कधी? माझ्या नवऱ्याला थोरला भाऊच मिळाला म्हणायचा!"

"येऊ दे. त्याच्यापेक्षा मला शोभेल," बद्रा म्हणाली.

पुढच्याच लग्नात नवरीच्या हातांवर मेंदी चढत होती. बद्रानं पहिली ओळ घेतली आणि बायकांच्या किलकाऱ्या थांबल्या. नवरीची मावशी ताडकन उठली. "बायकांत हा पुरुष कोणी घुसवला?"

हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं हसली मिमूना. "सरका वन्सं, मी गाते," म्हणत तिनं तेच गाणं वरच्या पट्टीत उचललं.

बद्रानं तिच्या मांडीवरचा डफ हिसकावला. "बंद कर किंचाळणं!"

मग स्वतःच डफ वाजवत तिनं गाणं खालच्या पट्टीत, संथ लयीत पहिल्यापासून धरलं. मावशी पाठ फिरवून बसली. दोघीतिघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या, पण दाद एकीनंही दिली नाही. मेंदी वाळेपर्यंत बद्रा गात राहिली. तिच्या कपाळाची शीर तटतटली होती.

दाराबाहेर मिमूना तिच्या अंगावर धावली. "तुझ्यापायी आमचीही कामं जाणार!"

"मग वेगळी हो."

ती खरंच वेगळी झाली, चौथीलाही घेऊन गेली. मोठ्या घरांची आमंत्रणं तिच्याकडे जातात. बद्राबरोबर मी राहिले. आम्हाला बोलावतात ते गोदीकडच्या वस्तीतले लोक, तेही आधी नाक मुरडून. ईदला भावानं बद्राला बोलावलं नाही. तिनं दुपारी दार लावून घेतलं आणि खालच्या पट्टीत नवं गाणं बसवायला घेतलं. शेजारीण भिंतीवर मुठी आपटत होती.