दोन वर्षं वाळलेल्या फळ्या

थप्पी उतरवून झाल्यावर सुतारानं सगळ्यात खालची फळी उचलली, एक डोळा मिटला आणि कडेवरून पार टोकापर्यंत नजर फिरवली. तात्यांचा जीव टांगणीला लागला. लेकीचं जेवणाचं टेबल याच फळ्यांचं व्हायचं होतं. वाकलेल्या निघाल्या, तर सगळ्या जळणात जाणार होत्या.

परसातलं फणसाचं झाड पडलं, तेव्हा तात्यांनी चेनसॉला, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीला, मापाची चौकट बसवून स्वतःच दोन-दोन इंची फळ्या पाडल्या. हवा खेळावी म्हणून फळ्यांमध्ये लाकडी पट्ट्या घातल्या. पट्टीवर पट्टी एका रेषेत नसली, की फळी वजनानं वाकते. तात्यांच्या पट्ट्या दोन बोटं सरकल्या होत्या. बायकोनं ओळंबा लावून पाहिला आणि अख्खी थप्पी उतरवायला लावली.

"लाकडाला घाई नाही, तुम्हालाच कसली आहे हो?"

तात्या दिवसभर कुरकुरले, पण दोघांनी मिळून पुन्हा रचली. वर्षभरानं बायको वारली. थप्पीला मात्र तात्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

"तात्या, खरं सांगू?" सुतार म्हणाला. "मला वाटलं होतं, हौसेचं काम, फळ्या केळ्यासारख्या वाकल्या असणार."

"मग?"

"मग काय, सुतासारखी सरळ आहे! माझ्या दुकानातही अशी मिळायची नाही. थप्पी रचली कुणी?"

"आम्ही दोघांनी," तात्या म्हणाले. सुतारानं हात पुढे करायच्या आत त्यांनी फळी खांद्यावर घेतली आणि त्याच्या टेम्पोकडे निघाले, तेही मुद्दाम शेजाऱ्यांच्या दारावरून.