कौलांवरचा उघडा पाइप

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा पाइप आहे. डिचोलीत धाकूच्या घराच्या कौलांवर ताठ मानेने उभा आहे. माझ्यातून पाण्याचा थेंबही जात नाही, जाते ती फक्त हवा. म्हणून मला बिनकामाचा समजू नका. त्या घरात माझ्याइतक्या तोऱ्यात दुसरं कोणी नाही, आणि तो तोरा मी कमावलेला आहे.

गोवा राज्य झालं त्या वर्षी धाकूची आई वत्सला पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. संडास परसात, वाट निसरडी. तेव्हा खनिजाचा ट्रक चालवणाऱ्या धाकूने न्हाणीघरातच संडास करायचं ठरवलं. प्लंबर सगुणने भिंतीवर खडूने रेघा मारल्या. घाण पाण्याचा पाइप उतरता, बाहेरच्या टाकीकडे; आणि मागून मी, सरळ कौलांच्या वर.

"पाणी नाय, मगे हो कित्याक?" मग हा कशाला, असं धाकूने माझ्याकडे बोट दाखवून विचारलंच.

"हो जायच," म्हणजे हा हवाच, एवढंच सगुण म्हणाला. मी तेव्हाच फुगलो.

पण डिचोलीत ट्रकांची तांबडी धूळ कशावर बसत नाही? पाणी झाकायचं, तांदूळ झाकायचे, ही इथली सवयच. काम संपवून सगुण वास्कोला गेला आणि धाकूने प्लास्टिकने माझंही तोंड घट्ट बांधलं. मला संताप आला, पण बोलणार कसा? संडासात पाणी ओतलं की गुडगुड व्हायची, न्हाणीच्या जाळीखालचं वास अडवणारं पाणी ओढलं जायचं आणि टाकीचा वास थेट घरात यायचा. जेवण घशाखाली उतरेना.

"बंद करुया, आये. परसातलो आसा मरे," धाकू म्हणाला. वत्सलाचा चेहरा उतरला.

ती दिवसभर घरात बसून माझी घुसमट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तेलाच्या डब्याक एकच भोक पाडल्यार तेल अडकत अडकत येता. दुसरां भोक पाडल्यार वारो भितर वता आनि तेल सरळ येता. तू त्या पायपाचां तोंड बांधलंस मरे?"

"तांबडी धूळ भितर वता म्हणून बांधलंय."

"सोड तां."

धाकू शिडी लावून वर चढला. त्याची बायको गौरवी हिने खाली बादली ओतली. पाणी एका दमात गेलं, जाळीखालचं जागच्या जागी राहिलं. वासही हळूहळू गेला. माझी छाती अभिमानाने भरून आली.

दुपारी वत्सला काठी टेकत एकटी संडासात गेली आणि तिने आतून कडी लावली. बाहेर आल्यावर तिने गौरवीकडे तांब्याभर पाणी मागितलं आणि सगळं पिऊन टाकलं. परसात न्यायला कोणाला हाक मारावी लागू नये म्हणून पडल्यापासून ती घोट घोटच पाणी पीत होती, हे घराला तेव्हा कळलं.

मित्रांनो, छपरावर माझ्यासारखा कोणी दिसला तर त्याच्यावर धूळ बसू द्या, पण त्याचं तोंड बांधू नका. खाली कोणीतरी पोटभर पाणी पीत असेल.