कानवाल्यांचा हलका लॅपटॉप

कानवाल्यांना या खरेदीतून काय काय मिळणार होतं, ते आधीच मांडून घेऊ, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की माणसाला लोभ सुटला होता. लोभ नव्हता, सोय होती. पहिली गोष्ट, लॅपटॉप फुकट पडणार होता, कारण पैसे सासरे भरणार होते. दुसरी, तो जेमतेम किलोभर वजनाचा असणार होता. जुना धोंडा याच्या तिप्पट. तिसरी, सोमवारची फिरती वाचणार होती. ही तिसरी सगळ्यांत जड. फिरती चुकली असती तर कंपनीने तो भाग दुसऱ्याला दिला असता, आणि भाग गेला की नोकरीत उरतं काय?

कानवाले म्हणजे श्रवणयंत्रं बसवणारे. खरं नाव गावोगावच्या म्हाताऱ्यांना ऐकू आलं नसेल, आणि ऐकू यायला लागेपर्यंत ‘कानवाले’ रूढ झालं होतं. आठवड्यातले चार दिवस ते बसने फिरायचे. चष्म्याच्या दुकानामागची एखादी खोली घ्यायची, समोरच्याच्या कानात यंत्र घालायचं आणि लॅपटॉपवरून त्याचा आवाज जुळवून द्यायचा, हा धंदा. जुन्या लॅपटॉपची एक बिजागरी तुटलेली, झाकण रबराने बांधलेलं आणि बॅटरी वीस मिनिटांची. वीस मिनिटांत एक कान व्हायचा. दुसऱ्या कानासाठी प्लग शोधत फिरावं लागायचं. त्यात कंपनीचं पत्र आलं: एक तारखेपासून नवं सॉफ्टवेअर, जुन्या मशीनवर चालणार नाही. एक तारीख सोमवारी होती.

सासरे कोर्टात चौतीस वर्षं स्टेनो होते. साक्षीदार बोलायचे, वकील भांडायचे, हे मान खाली घालून लिहायचे. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ते मुलीकडे राहायला आले. पहिल्याच आठवड्यात कानवाल्यांनी त्यांना दोन्ही कानांत यंत्रं बसवून दिली, रात्री चार्ज करायची डबी उशाशी ठेवून दिली आणि विचारलं, “कसं वाटतंय बाबा?” सासरे म्हणाले, “बरं आहे.” त्यानंतर काहीही विचारलं की ते “हं?” एवढंच म्हणायचे. घराने निष्कर्ष काढला की म्हातारा यंत्रं बंद ठेवून दागिन्यासारखी मिरवतो. कानवाल्यांनी त्यांना नाव ठेवलं ‘म्यूटराव’. तेही त्यांच्या तोंडावर. कारण पाठीमागे जाण्याचे कष्ट कोण घेणार?

शनिवारी सकाळी चहाला तिघं बसले होते. कानवाले ब्रेडला लोणी लावत बायकोला म्हणाले, “खरं सांगू का? मधला घेतला तरी भागेल. सॉफ्टवेअर कशावरही चालतं.”

“मग मधला घ्या ना. बाबांचे पैसे काय झाडाला लागलेत?”

“अगं, मी त्यांना सांगून बसलोय, की ते फक्त हलक्यावरच चालतं. आता शब्द फिरवला तर वाईट दिसेल.”

“सांगितलंत कसं? ओरडून?”

“कागदावर लिहून. खाली दोन रेघा मारून.”

बायको हसली. हसायला नको होतं, पण हसली. सासरे कपात चमचा फिरवत होते.

“आणि उन्हाळ्यापर्यंत खोलीचंही बघू,” कानवाले पुढे म्हणाले. “म्यूटरावांना हॉलमध्ये आणू, मला कामाला खोली होईल. त्यांना काय, भिंतच बघायची. तिथली बघितली काय नि इथली काय.”

“हळू बोला हो.”

“कशाला? साहेब म्यूटवर आहेत.” मग मान वळवून त्यांनी आवाज चढवला, “बाबा! निघायचं ना?”

“हं?”

कानवाल्यांनी हवेत सही करून दाखवली. सासऱ्यांनी मान डोलावली आणि बूट घालायला उठले.

दुकानाच्या मालकीणबाई स्वतः काउंटरवर होत्या. त्यांनी तीन लॅपटॉप मांडले: हलका, मधला आणि जाडा. “साहेब, वजन पाठीवर घ्या नाहीतर खिशावर,” त्या म्हणाल्या. “कुठेतरी घ्यावंच लागतं.”

“खिसा यांचा आहे,” कानवाले खुर्चीवर बसलेल्या सासऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाले.

“मग तुमची मजा आहे.”

कानवाल्यांनी आपली फिरतीची पिशवी रिकामी केली, एकेक लॅपटॉप तीत घालून खांद्याला लावला आणि दुकानभर येरझारा घातल्या. जाडा घेऊन चालताना ते एका बाजूला कलले. मधला सोसवला. हलका घातल्यावर त्यांनी पिशवी उघडून पुन्हा बघितलं, की घातलाय ना. मग झाकण एका बोटाने उघडतं का, भर उन्हात पडदा दिसेल का, तीन तासांच्या बसनंतर बॅटरी किती उरेल, सगळं विचारून झालं.

“सॉफ्टवेअर चालवून बघू का? पेनड्राइव्ह आणलाय.”

“बघा की. नाही घेतलात तर मी पुसून टाकीन.”

सॉफ्टवेअर चढलं. बिनतारी जोडणीची छोटी डबी लावली. आता जोडायला यंत्र हवं. नमुन्याची यंत्रं घरी राहिली होती. कानवाल्यांनी कपाळाला हात लावला आणि लगेच हसले. “आहेत की! बाबांच्या कानात आहेत. फक्त आधी चालू करावी लागतील.”

ते सासऱ्यांकडे वळणार, तोच पडद्यावर दोन हिरवे ठिपके उमटले. डावं यंत्र, चालू. उजवं यंत्र, चालू. आणि त्याखाली आपोआप वापराची नोंद उघडली.

ही नोंद म्हणजे कानवाल्यांचं हुकमी हत्यार. यंत्र रोज किती तास कानात चालू होतं आणि त्याने काय ऐकलं, हे यंत्र स्वतःच टिपून ठेवतं. अकरा वर्षं ते या नोंदीवर लोकांना पकडत आले होते. “काकू, तुम्ही म्हणता दिवसभर घालता. इथे तर चाळीस मिनिटं दिसतायत!” सगळे एकाच बाजूने खोटं बोलायचे. सासऱ्यांची नोंद मात्र त्यांनी दोन वर्षांत एकदाही उघडली नव्हती. तक्रार नव्हती, शिवाय घरच्या कानाला फी नसते.

नोंद अशी होती: रोजचा सरासरी वापर चौदा तास दहा मिनिटं. त्यातलं माणसांचं बोलणं एकाहत्तर टक्के. आवाज वाढवला, दिवसातून सहा वेळा. आवाज कमी केला, शून्य.

कानवाल्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. बोटं सवयीने चालत राहिली. मशीनच बिघडलेलं असणार. त्यांनी डबी काढून मधल्याला लावली, सॉफ्टवेअर चढवलं. चौदा तास दहा मिनिटं. जाड्याला लावली. त्याचंही तेच म्हणणं.

“चला!” मालकीणबाई खूश झाल्या. “तिन्हींवर चालतं म्हणजे. आता वाटेल तो घ्या.”

कानवाले सासऱ्यांकडे पाठ करून उभे होते, आणि मान वळवायची हिंमत होत नव्हती. काउंटरवर वाकून ते अगदी दबक्या आवाजात म्हणाले, “बाई, जरा हळू.”

“मधला घेतला तरी भागेल,” मागून तितक्याच दबक्या आवाजात उत्तर आलं.

कानवाले वळले. सासरे गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसले होते. कोर्टात जबानी वाचून दाखवावी तशा सपाट सुरात ते पुढे म्हणाले, “जावई: सॉफ्टवेअर कशावरही चालतं. मुलगी: बाबांचे पैसे काय झाडाला लागलेत. जावई: शब्द फिरवला तर वाईट दिसेल. मुलगी हसते.”

मालकीणबाईंनी एकदा जावयाकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. “आजोबा, तुम्हाला ऐकू येतं?”

“येतं ना. जावईबापूंनीच बसवलंय. काम चोख आहे त्यांचं.”

कानवाल्यांच्या डोळ्यांपुढून दोन वर्षं धाडधाड गेली. म्यूटराव. खोली. ‘शंभरी गाठल्याशिवाय हलायचा नाही म्हातारा.’ पेन्शनीचा आकडा काढला ती रविवारची दुपार. सासऱ्यांच्या घोरण्याची नक्कल, तीही त्यांच्याच शेजारी बसून. काय बोललो नाही, ते आठवायला सोपं गेलं असतं.

“बाबा,” कानवाले म्हणाले, “मग तुम्ही... एकदा तरी बोलायचं होतंत.”

“बोललो असतो तर तुम्ही बोलायचे थांबला असता.”

“पण एवढं सगळं ऐकून...”

“चौतीस वर्षं ऐकलंय. स्टेनोसमोर लोक मोकळे बोलतात, तो खुर्चीसारखा असतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.” त्यांनी उजव्या कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं. “तुमच्या सासूबाई गेल्यावर महिनाभर घरात मी एकटा होतो. नळ ठिबकलेलाही ऐकत बसायचो. तुमच्याकडे आलो तर दिवसभर कोणी ना कोणी बोलतंय. भाजी महागली, बॉस गाढव आहे, म्हातारा हलत नाही. असू दे की. घर बोलत होतं.”

मालकीणबाईंनी कारण नसताना काउंटर पुसायला घेतला.

कानवाल्यांनी मधला लॅपटॉप पुढे ओढला. “हा घेऊ,” ते कसंबसं म्हणाले. “किंवा राहू द्या. मी बघतो माझं. हप्त्याने घेतो.”

“सोमवारी फिरती आहे ना? आणि हप्ता कुठून भरणार? परवाच मुलीला म्हणालात, हातात काही उरत नाही.” सासरे उठले, हलका लॅपटॉप उचलून त्यांनी मालकीणबाईंसमोर ठेवला. “हा बांधा. यांचा उजवा खांदा दुखतो. मागच्या पावसाळ्यापासून. रोज संध्याकाळी पिशवी ठेवताना ‘आई गं’ म्हणतात. कंपनीला सांगत नाहीत, डॉक्टरकडे जात नाहीत. तेही ऐकलंय.”

शिव्या दिल्या असत्या तर कानवाल्यांनी सोसल्या असत्या. शिव्यांना तोंड देता येतं. याला काय द्यायचं ते त्यांना सुचलं नाही. सासऱ्यांनी कार्ड काढलं, चष्मा वर करून आकडा तपासला, सही केली.

घरी आल्यावर कानवाल्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं, दार लावलं आणि सांगितलं. तिला आधी वाटलं, चेष्टा आहे. मग कानवाल्यांनी आकडे सांगितले. तिच्या हातातला पेला ओट्यावर आडवा झाला आणि पाणी कडेवरून पायांवर सांडत राहिलं. ती हलली नाही.

“मार्चमध्ये,” ती म्हणाली, “मी मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. बाबा शेजारीच बसले होते, मी त्यांचे सदरे घडी करत होते.”

“मग?”

“मी म्हटलं होतं, आईच्या जागी बाबा गेले असते तर घर जरा हसतं राहिलं असतं.” तिने नवऱ्याचा दंड धरला. “तेव्हा चालू असेल का हो? चार्जिंग संपलेलं असेल. दुपार होती ना, संपतं की दुपारी!”

या यंत्राचं चार्जिंग दुपारी संपत नाही. कानवाले हे गावोगाव छातीठोकपणे सांगायचे. आत्ता त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि न निघालेला शब्द तिला नीट ऐकू आला.

त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसले, तेव्हा टेबलावर फक्त चमच्यांचे आवाज होते. “मीठ?” “हं.” “अजून थोडं?” “नको.” बायको आणि नवरा एकाच टेबलावर बसून एकमेकांना फोनवर मेसेज लिहीत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. कानवाल्यांनी एकदा धीर करून “काय उकडतंय!” असं जाहीर केलं, कोणीच पुढे काही बोललं नाही, तेव्हा तेही संपलं.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, कानवाले फिरतीवरून आले. लॅपटॉपने कमाल केली होती. एका बॅटरीत सात माणसांचे चौदा कान झाले होते. हे सांगावं म्हणून ते टेबलाशी आले आणि सासऱ्यांना बघून गप्प बसले. सासऱ्यांनी दोघांकडे पाहिलं. मग आधी डावं आणि नंतर उजवं यंत्र कानातून काढलं, सगळ्यांना दिसेल असं मीठदाणीशेजारी ठेवलं आणि हाताने खूण केली: बोला आता.

दोघांनीही तोंड उघडलं नाही. यंत्रं मात्र रोज तिथेच राहू लागली. पुढे पुढे तर सकाळीही डबीतून निघेनाशी झाली.

खर्चाची बाजू अशी. लॅपटॉपचे पैसे सासऱ्यांनी भरले, पावती त्यांच्या नावाची. कानवाल्यांची फिरती वाचली, महिन्याभरात खांदाही बरा झाला, आणि पदरचं काहीच गेलं नाही. खोलीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. बायको माफी मागायला दोनदा वडिलांच्या दाराशी गेली, दोन्ही वेळा त्यांचे कान रिकामे दिसले, आणि जरा सुटल्यासारखं वाटून ती परत फिरली. राहिले रोजचे चौदा तास दहा मिनिटं. तेही सासऱ्यांनीच भरले.