लॉनी मॅक्रायचा वरचा सूर

आमच्या ब्रॉडक्रीक गावात स्वतःचं मत नसलेला माणूस एकच, आणि त्याच्याशी मी लग्न केलंय. बाकी सगळे मतांचे धनी. इथे गव्हापेक्षा मतांचं पीक जास्त येतं, आणि ते गारपिटीनेही जात नाही.

माझा नवरा ओरेस्ट पोपोविच आठवडाभर धान्याच्या कोठारावर काम करतो आणि शनिवारी नामवंत गायक लॉनी मॅक्राय होतो. म्हणजे केसांचा टोप, कातडी जाकीट, गळ्यात गिटार आणि लॉनीची गाणी हुबेहूब लॉनीच्या आवाजात. लग्नं, कसिनो, शेतकी संघाची जेवणं, सव्वीस वर्षं हेच चाललंय. खऱ्या लॉनीला त्याने अजून दुरूनसुद्धा पाहिलेलं नाही. एकदा विनिपेग शहरातल्या त्याच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली होती, तर हिमवादळाने महामार्गच बंद झाला.

यंदा आमच्या समितीने पुढच्या उन्हाळ्यातल्या जत्रेसाठी खऱ्या लॉनीला विचारलं आणि, वय झाल्याचा परिणाम म्हणा, तो हो म्हणाला. तो आला तर त्याच्या आधी अर्धा तास ओरेस्टने गायचं, असंही ठरलं. त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याची झोप उडाली. पण हो म्हणणाऱ्याला लगेच हो म्हणेल तर ती आमची समिती कसली! त्याआधी फुटबॉलच्या फायनलला मध्यंतरात लॉनी गाणार होता, ते टीव्हीवर दिसणार होतं. अध्यक्ष गॉर्ड हेन्शॉ म्हणाला, "आधी बघू तरी, म्हातारा अजून गातो का. मग तिथल्या तिथे हात वर करून ठरवू." अख्खा देश ज्याला ऐकणार होता, त्याची आमच्या गावात परीक्षा होती.

फायनल बघायला सगळं गाव कर्लिंग क्लबच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या क्लबच्या, वरच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे जमलं. आमचा संघ केव्हाच हरून घरी गेला होता, तरी ट्रॅक्टर विकणारा लेस टर्नबुल संघाच्या चाहत्यांच्या रिवाजाप्रमाणे डोक्यावर पोखरलेलं टरबूज चढवून हजर होता. बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पिरोगी होत्या, बियर होती. आणि मध्यंतरात नेहमीची मांसाची सोडत होती. तिकीट लागलं की सॉसेजचा नाहीतर चॉप्सचा खोका तुमचा. ती पुढे ढकलली असती तर दंगल झाली असती, म्हणून लॉनी आणि सोडत एकाच वेळी. परिणामी तिकडे स्टेडियममध्ये लॉनी मंचावर आला तेव्हा अर्धी समिती टीव्हीकडे पाठ करून फ्रीझरपाशी उभी होती.

लॉनी गायला. पट्टी खाली उतरवली होती, ते मलाही कळलं. पाय जपून टाकत होता. शेवटी त्याने त्याचं गाजलेलं दिव्याचं गाणं घेतलं, ज्याच्या अखेरीस एक वरचा सूर आहे. तरुणपणी लॉनी तो सूर इतका लांबवायचा की ऐकणाऱ्याचाच श्वास संपायचा. तो क्षण आला आणि लॉनीने माईक लोकांकडे फिरवला. अख्खं स्टेडियम किंचाळलं. लॉनी हसला, छातीवर हात ठेवून वाकला आणि गेला.

"हे काय?" लेस ओरडला. "गाणं याचं आणि सूर लोकांनी लावायचा? उद्या मी गिऱ्हाइकाला सांगतो, ट्रॅक्टर तूच ढकल!"

"त्याला प्रेम म्हणतात, लेस," चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बर्निस क्लासनबाई म्हणाल्या. "तुला नाही कळायचं."

"पट्टी किती उतरवली होती ते बघितलंत?"

"वयाप्रमाणे उतरायचंच. तुझी पँट कुठे राहिलीय जागेवर?"

मागून कुणीतरी म्हणालं, "सगळं आधी रेकॉर्ड केलेलं होतं. तो नुसते ओठ हलवत होता."

"आधी रेकॉर्ड केलेलं असतं तर इतकं वाईट कसं असतं?" लेस म्हणाला.

सॉसेजचा खोका काखोटीला मारून गॉर्ड आला. "मला तर भिकार वाटलं बुवा."

"तू पाहिलंस कुठे?" मी विचारलं.

"ऐकलं ना! कान काय फ्रीझरमध्ये ठेवले होते?"

ज्यांनी पाहिलं होतं ते एकमेकांना खोटं पाडत होते, आणि ज्यांनी पाहिलंच नव्हतं ते सगळ्यात ठामपणे बोलत होते. मी ओरेस्टकडे वळले. तो कागदी रुमालाने डोळे पुसत होता.

"काय रे, कसा वाटला?"

"आहे गं, मार्लीन," तो म्हणाला. "खरोखरच आहे तो, हाडामांसाचा."

तेवढ्यात लेसने टरबूज काढून टेबलावर ठेवलं. म्हणजे आता गंभीर बोलणं. "मी म्हणतो, त्या म्हाताऱ्याला आणायचंच कशाला? आपला ओरेस्ट आहे की! ओरेस्ट, ऊठ, तो सूर लावून दाखव यांना. लागला, तर लॉनीला नकार कळवू. जत्रेत ओरेस्ट एकटा, संध्याकाळभर!"

टाळ्या पडल्या. गॉर्ड म्हणाला, "हे पटण्यासारखं आहे." बर्निसबाईसुद्धा मान डोलवत म्हणाल्या, "ओरेस्टला तो सूर लागतो, हे नाकारता यायचं नाही."

खरं सांगते, माझी छाती फुगली. इतकी वर्षं 'नकली लॉनीची बायको' म्हणून टोमणे खाल्ले होते मी. "ऊठ ना!" म्हणून मीच त्याला ढकललं. त्याचा चेहरा पडलेला दिसला, पण मला वाटलं, लाजतोय.

तो गायला लागला. टोप नाही, गिटार नाही, अंगात कोठारावरचा स्वेटर. आवाज चढत चढत त्या सुरापाशी आला आणि फाटला. पत्र्यावर खुरपं ओढावं तसा.

"पुन्हा, पुन्हा!" लोक म्हणाले. त्याने पुन्हा घेतला. पुन्हा तिथेच, तसाच फाटला.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या माणसाला मी सव्वीस वर्षं ऐकतेय. खरोखर चुकणारा दोनदा एकाच जागी, इतका तंतोतंत चुकत नाही. मी ताडकन उठले, तर त्याने माझा खांदा दाबून मला खाली बसवलं.

"गेला बिचाऱ्याचा गळा," लेस हळहळला.

"मग फाटकाच ऐकायचा तर अस्सल तरी ऐकू," गॉर्ड म्हणाला. "लॉनीला बोलवायचं, हात वर करा." हात वर झाले. सगळ्यात आधी ओरेस्टचा.

मग बर्निसबाईंना दया आली. आमच्या गावात दया आली की समजावं, कुणाचं तरी नुकसान होणार. "पण आधीच्या अर्ध्या तासाला ओरेस्टला त्रास नको द्यायला," त्या म्हणाल्या. "तिकडे स्विफ्ट करंट गावात एक नवीन गायक आहे, लॉनीचीच गाणी म्हणतो. त्याचा गळा अजून ताजा आहे." पुन्हा हात वर. एका हातात तर चॉप्स होत्या. मी तोंड उघडलं, पण टेबलाखाली ओरेस्टने माझा हात असा धरला की ते मिटावं लागलं.

गॉर्डलाही जरा लाज वाटली असावी. "ओरेस्ट, तुलाही काहीतरी काम दिलं पाहिजे. लॉनीची बस भली मोठी असते म्हणे. मैदानात ती मागे घेताना कुणीतरी हात दाखवायला लागेल. केशरी बंडी आम्ही देऊ."

पिरोगीची बशी त्याच्या टाळक्यात घालणारच होते मी. पण ओरेस्ट उभा राहिला होता.

"म्हणजे तो उतरेल तेव्हा मी तिथेच असणार?"

"ड्रायव्हर तरी नक्की भेटेल," गॉर्ड म्हणाला. माणूस प्रामाणिक आहे.

घरी जाताना ट्रकमध्ये मी त्याला सोडलं नाही. "मूर्खा, आजवर कुणी दिलं नाही ते आज देत होते तुला! अख्खी संध्याकाळ तुझी होती. आणि तू? हातचं ते घालवलंस, अर्धा तासही घालवलास!"

"आणि त्याला कोण सांगणार होतं?" ओरेस्ट म्हणाला. "की येऊ नकोस, तुझी गरज नाही, आमच्याकडे तुझी नक्कल आहे?"

मी आणखी चिडले. मग मला रडू आलं, त्याचाही राग आला.

सकाळी कामावर जायच्या आधी तो अंगणातल्या बर्फात जाऊन उभा राहिला. दोन्ही हात वर करून समोर काहीच नसताना 'ये, ये' करत होता. मी दारातून ओरडले, "शेजारी बघतायत!"

"मार्लीन, ट्रक मागे घेतेस का जरा? सराव होईल."

त्याला शिव्या देत मी चपलांवरच बाहेर पडले, ट्रकमध्ये बसले आणि मागे घेऊ लागले. आरशात तो दिसत होता. मंचावर गाताना असतो तसाच चेहरा.

"डावीकडे... ये, ये... बास!"

मी थांबले. मग पुन्हा ट्रक पुढे नेला आणि पुन्हा मागे घेतला.