आजीच्या हातातली बादली

मी एक पत्र्याची बादली बोलतेय. दिसायला काही खास नाही. एका बाजूला पोचा आलाय आणि कडीची लाकडी मूठ झिजून गुळगुळीत झालीय. तरी माझं ऐका, कारण या घरात आता कुणी मोठ्याने बोलत नाही.

आजीने मला विकत घेतलं तेव्हा ती नव्वदीला आली होती. मला घडवणारा कारागीर म्हणाला, "आजी, मोठी घ्या. फेऱ्या वाचतील."

"फेऱ्या वाचवून काय करू? सुनेचं तोंड बघत बसू?" आजी म्हणाली आणि मला उचलून निघाली.

घरात नळ होता. पण भाजीच्या वाफ्यांना उतारावरच्या झऱ्याचंच पाणी घालायचं, हा तिचा हट्ट. मला ती कधी काठोकाठ भरायची नाही. वळणावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या, वयाने तिच्याच बरोबरीच्या. त्यांच्या पायरीवर आम्ही टेकायचो. दोघी आपापल्या सुनांची मनसोक्त उणीदुणी काढायच्या आणि हलक्या मनाने उठायच्या. घरी येऊन आजी वाफ्यात वाकायची, तण उपटायची, पुन्हा झऱ्यावर निघायची. भूक लागली की जेवायची, तेही दोन घास राखून. याला व्यायाम म्हणतात हे तिला माहीत नव्हतं.

मग तिच्या मुलीचा मुलगा आला. तो धावपटू. ऊर फुटेस्तोवर सराव करून टाचेचं दुखणं घेऊन बसला होता आणि मोठी शर्यत तोंडावर आली होती. आमच्या टेकडीवरची माणसं शंभरीला टेकतात, ती कशी जगतात ते शिकायचं, म्हणून तो मुक्कामालाच आला. चार दिवस आजीच्या मागेमागे फिरला. पाचव्या दिवशी सकाळी त्याने मला उचललं.

"आजी, आजपासून पाणी मी आणणार. तू निवांत बस."

"अरे, मला जमतंय की."

"जमतंय गं. पण किती वर्षं करणार? आता आराम कर."

"बरं झालं बाई," त्याची मामी, म्हणजे आजीची सून, आतून म्हणाली. "त्या निसरड्या वाटेवर पडल्या असत्या, तर निस्तरायचं कुणी?"

सगळ्यांच्या मनात चांगलंच होतं. म्हणूनच मला राग कुणावर काढावा ते कळत नाही.

तो मला काठोकाठ भरायचा आणि चढावर पळत सुटायचा. शिवणकामवाल्या बाईंनी विचारलं, "आजी कुठंय रे?" तर पळतापळताच म्हणाला, "रिटायर केली तिला." पाण्यापाठोपाठ त्याने वाफे घेतले, मग अंगण झाडणं घेतलं. टाच बरी झाली, चेहऱ्यावर तजेला आला. आजी मात्र सकाळी चपला घालून दाराशी यायची, मी जागेवर नाही हे बघायची आणि परत खुर्चीत जाऊन बसायची.

हळूहळू तिला खुर्चीतून उठायला कुणाच्या तरी हाताचा आधार लागू लागला. नंतर ताटातलं अन्न तसंच राहू लागलं. डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, "वय झालंय." वय काय त्या महिन्यात झालं? ते तर आधीपासूनच होतं.

तो शर्यतीला गेला आणि पदक घेऊन आला. आजीच्या खोलीच्या दारात उभा राहून मित्राला फोनवर सांगत होता, "काही नाही रे, रोजची कामं करायची, माणसांत राहायचं, बेताने खायचं. आजीकडून शिकलो." बोलताबोलता त्याची नजर पलंगाकडे गेली. फोन तसाच हातात राहिला.

दुसऱ्या दिवशी माझ्यात तळाला पुरेल एवढंच पाणी घेऊन तो पलंगापाशी आला. तिला टेकून बसवलं, माझी मूठ तिच्या हातात दिली.

"आजी, चल. आपण दोघं जाऊ. सावकाश जाऊ."

तिने बोटं मिटायचा प्रयत्न केला. मला ते जाणवलं. पण त्या बोटांत जोर उरला नव्हता. मी कलंडले आणि सगळं पाणी तिच्या अंथरुणावर गेलं. ओल्या चादरीत बसून तिने त्याच्याकडे अपराध्यासारखं पाहिलं.

"राहू दे बाळा," ती म्हणाली. "तूच आण."

आता मी पलंगाखाली असते. माझ्यात कोमट पाणी घेऊन मामी तिचं अंग पुसते. तो शेजारी बसून तिचे पाय चोळत राहतो. तुमच्या घरात कुणी थरथरत्या हाताने काही उचलत असेल, तर कृपा करून मदतीला धावू नका. त्यांच्याबरोबर चाला फक्त.